दोन बाणांचे सर

वाशिम जिल्ह्यात सहा तालुके. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. सहाही ठिकाणी एसटी स्टँड, कृषी सेवा केंद्रांची रांग आणि केमिस्ट्रीचे एक सर हमखास सापडतात. फिजिक्सचे सर टिकत नाहीत, त्यांना अकोल्याचे क्लासवाले पळवतात. मॅथ्सचे सर बँकेची परीक्षा पास होऊन निघून जातात. बायोलॉजीच्या मॅडम लग्न करून पुण्याला जातात. केमिस्ट्रीचे सर मात्र जिथल्या तिथे. अकोल्यातून फुटून १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही ते फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते आणि आजही लिहीत आहेत. मधल्या काळात जिल्हा बदलला, अभ्यासक्रम बदलला, पुस्तकाचं कव्हर बदललं. सरांच्या नोट्सच्या वहीचं कव्हर तेच आहे.

आमच्या गावच्या सरांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण ते कोणी वापरतच नाही. पोरं ‘सर’ म्हणतात, पोरांचे बाप ‘सर’ म्हणतात, किराणावाला उधारीच्या खात्यावर ‘सर’ एवढंच लिहितो. एकदा त्यांच्या आई गावाकडून आल्या होत्या. त्यांनीही ओसरीवरून सुनेला हाक मारून विचारलं, “सर जेवले काय वं?”

सरांना ओळखणं सोपं. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक खडू. पँटला मांडीवर बारीक भोकं. ती अ‍ॅसिडची, उंदरांची नव्हेत, हे ते न विचारता सांगतात. उजव्या हाताच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. मतदानाच्या शाईत हेच सिल्व्हर नायट्रेट असतं. त्यामुळे एका निवडणुकीत केंद्रावरच्या कर्मचाऱ्यानं त्यांचं बोट धरून संशयानं विचारलं, “सर, तुम्ही कुठून मारून आले काय आधीच?” त्यावर नाराज व्हायचं सोडून सरांनी त्याला कातडीवर चांदी कशी काळी पडते ते समजावून सांगितलं. मागे रांग थेट गेटपर्यंत गेली होती.

स्टँडसमोरच्या हॉटेलात सरांसोबत चहा प्यायचा म्हणजे जिवाला घोर. कोणीतरी ग्लासाच्या तळाशी उरलेली साखर पाहून सहज म्हणतो, “साखर जास्त झाली बाप्पा, विरघळूनच नाही राहिली.” झालं. सर ग्लास हातात घेतात, उजेडाकडे धरतात. “जास्त? साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखर विरघळते. गरम चहात त्याच्याहून कितीतरी. तुह्या ग्लासात दोन चमचे हाय. हे द्रावण संपृक्त नाही, तू आळशी हायेस. हलव!” तो बिचारा चमचा शोधतो. हॉटेलात चमचा नसतो. मग सर खिशातल्या पेनाकडे बघतात, तेव्हा आपण घाईघाईनं पैसे देऊन निघावं, हे बरं.

त्यांचं पेटंट वाक्य एकच: “कोनीकडे सरकन?” कुकरची शिट्टी झाली, सोड्याची बाटली फुटली, फ्रिजमधलं पाणी बाहेर काढलं, की प्रश्न तयार. सोड्याच्या बाटलीचं झाकण उडालं, दाब गेला, आता पाण्यातला गॅस कोनीकडे सरकन? दाब वाढवला तर? गार केलं तर? पोरगं घोटभर सोडा पिईपर्यंत हेन्रीचा नियम त्याच्या नाकातून बाहेर येतो. ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी पारावर बसलेल्यांनी सरांचंच वाक्य सरांना ऐकवलं, “सर, यंदा गाव कोनीकडे सरकन?” सर गंभीरपणे म्हणाले, “तिथं हा नियम लागत नाही. भांडं बंद पाह्यजे. आपल्या गावाले झाकण कुठं हाय?”

पण सरांची खरी खूण म्हणजे दोन बाण. वरचा उजवीकडे, खालचा डावीकडे, दोन्ही अर्ध्याच टोकाचे. उलटसुलट चालणाऱ्या अभिक्रियेचं हे चिन्ह सर इतक्या मायेनं काढतात, की पाहणाऱ्याला वाटावं देवळाच्या भिंतीवर स्वस्तिक काढत आहेत. पोरानं पूर्ण टोकाचे बाण काढले की अर्धा मार्क गेला. एकाच रेषेला दोन्हीकडून टोकं काढली तर पूर्ण मार्क गेला, कारण तो रेझोनन्सचा बाण, त्याचा इथे काही संबंध नाही. पोरं कुरकुरतात, पण पुढे कुठेही गेली तरी बाण अर्ध्या टोकाचेच काढतात. उसनवारीच्या डायरीतही सरांची हीच पद्धत आहे. ज्याच्याकडून पैसे परत येण्याची आशा आहे त्याच्या नावापुढे दोन बाण, ज्याची नाही त्याच्यापुढे एक. माझ्या नावापुढे काय आहे, ते मी अजून पाहिलेलं नाही.

सरांना दाखले देण्याचं वावडं आहे. “दाखला म्हंजे लंगड्याची काठी. वस्तू पाहा,” असं म्हणतात. अपवाद फक्त एका दाखल्याचा, तो त्यांनी वर्षानुवर्षं वापरला आहे: रिसोड-वाशिम एसटी. “गाडीत पन्नास माणसं. थांब्यावर पाच उतरले, पाच चढले. पुढच्या थांब्यावर तीन उतरले, तीन चढले. कंडक्टरनं कव्हाही मोजले तं पन्नासच. म्हंजे गाडीत काही होऊन नाही राहिलं काय? होऊन राहिलं! माणसं बदलून राहिली, आकडा नाही बदलत.” समतोल म्हणजे सगळं थांबलं असं नाही, दोन्हीकडची कामं सारख्या वेगानं चालू आहेत, एवढं या एका गाडीनं पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं. तरी दरवर्षी एखादा विचारतोच, “सर, मग रिअ‍ॅक्शन थांबली की नाही?” सर खडू खाली ठेवतात. “थांबली असती तं म्या दुसरा बाण कायले काढला असता बे?”

वस्तू पाहा म्हणजे काय, ते बघायचं तर त्यांच्या प्रॅक्टिकलला बसावं. ज्युनिअर कॉलेजची लॅब म्हणजे एक लांब खोली, तीन नळ, त्यातला एक चालू. सर चिमूटभर कोबाल्ट क्लोराइड परीक्षानळीतल्या पाण्यात टाकतात. पाणी गुलाबी होतं. मग थेंब थेंब तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. गुलाबीचा जांभळा, जांभळ्याचा निळा. आता कोणी बोलायचं नाही. निळी नळी बर्फात. बर्फ गोळेवाल्याकडून आणलेला, त्याच्यावर कालच्या रंगाचा एक पुसट पट्टा. नळी हळूहळू परत गुलाबी होते. काढून गरम पाण्याच्या बीकरमध्ये. निळी. बर्फात. गुलाबी. सर हे इतक्या वेळा करतात, की बर्फाचं पाणी होतं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, पण याचा खरा रंग कोणता?” सरांचा चेहरा असा उजळला, की तिला वाटलं आपलं काही चुकलं. सरांनी नळी बर्फातून काढून हातात धरली आणि ती जांभळी होईपर्यंत थांबले. “हा पाह्य. या टायमाले दोघंही हजर हायेत. खरा कोन्ता, हा सवालच नाही. किती कोन्ता, हा सवाल हाय.” त्या दिवशी त्यांनी शेवटचा तास घेतलाच नाही. म्हणाले, यापुढे शिकवण्यासारखं काही नाही.

सरांचा राग एकाच गोष्टीवर: मोलॅरिटी आणि मोलॅलिटी यांची गल्लत. त्यांच्या शिकवणीची खोली पत्र्याची. मे महिन्यात वाशिमचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, पत्रा वरून भाजतो, पंखा गरम हवाच खाली ढकलतो. अशा वेळी एखादं पोरगं म्हणतं, “सर, दोन्ही सारखंच ना, फक्त एका अक्षराचा फरक?” सर रुमालानं कपाळ पुसतात. “इथं बस. या खोलीत. सकाळी सहाले द्रावण करून ठेव आन् दुपारी दोनले मोज. द्रावण तापलं, फुगलं, लिटर वाढला, तं मोलॅरिटी उतरली. पन किलो वाढला काय? किलो उन्हानं वाढतो काय? म्हून मोलॅलिटी कायम.” हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही आता मोलॅलिटी पाठ झाली आहे. दळण मोजताना तो म्हणतो, “आपलं सगळं मोलल. किलोचा हिशोब.”

एकदा ऑगस्टमध्ये सर आमच्या वावरात आले. सोयाबीन फुलावर होतं आणि दोन टक्के युरियाची फवारणी चालू होती. पंधरा लिटरच्या पंपाला तीनशे ग्रॅम. सरांनी आधी तोंडी हिशेब केला: युरियाचा मोल साठ ग्रॅमचा, तीनशे म्हणजे पाच मोल, पंधरा किलो पाणी, म्हणजे ०.३३ मोलल. फवारणारा गडी म्हणाला, “बरं सर.” मग सरांनी बादलीत घोळ करायला घेतलेल्या पाण्यात हात घातला आणि माझा हात ओढून त्यात बुडवला. पाणी गार. विहिरीचं नव्हे, माठातलं असावं तसं गार. “युरिया विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेते. आता सांगा भाऊ, पाणी तापवलं तं जास्त विरघळन का कमी? कोनीकडे सरकन?” मी म्हटलं, जास्त. सरांनी गड्याकडे असं पाहिलं, जणू मला शिकवण्याचं श्रेय त्याचंही होतं.

मग युरियाच्या गोणीवर बसून त्यांनी अमोनियाची कथा लावली. ती त्यांची आवडती. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र येऊन अमोनिया होतो. चार कणांचे दोन होतात, म्हणून दाब वाढवला की काम पुढे सरकतं. उष्णता बाहेर पडते, म्हणून गार ठेवलं तर जास्त अमोनिया मिळतो, पण गार ठेवलं की काम इतकं संथ होतं, की कारखानदाराची नातवंडं म्हातारी व्हावीत. म्हणून मधला मार्ग: साडेचारशे अंशांच्या आसपास तापमान, हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक. उत्प्रेरक समतोल हलवत नाही, तिथपर्यंत लवकर नेतो. “आन् मजा सांगू? हा ‘कोनीकडे सरकन’चा नियम ज्याच्या नावाचा, तो ल शाटेलिए. १८८४ चा नियम. त्यानं १९०१ साली सोताच अमोनिया करून पाह्यला. यंत्रात हवा राह्यली, स्फोट झाला, मदतनीस मरता मरता वाचला. त्यानं नाद सोडला. हाबरनं १९०९ साली करून दाखवला, १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊले कारखाना सुरू झाला. नियम एकाचा, कारखाना दुसऱ्याचा!” चाचणीत नापास झालेल्या प्रत्येक पोराला सर हीच कथा सांगतात. पोराला धीर येतो. फक्त पुढच्या चाचणीत ते लिहून येतं की अमोनियाचा स्फोट होतो.

कथा संपल्यावर सरांनी सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटलं. मुळांवर बारीक बारीक गाठी. नखानं एक गाठ फोडली, आत गुलाबी. “ही जिवंत हाय. यातला जंतू हवेतला नायट्रोजन धरते. ना दोनशे पट दाब, ना साडेचारशे अंश. वावरात, फुकट.” गड्यानं पंप खाली ठेवला. “मंग सर, आपन युरिया कायले मारून राह्यलो?” सर उठले, पँट झटकली. “हेच तं मी कवाचा विचारून राह्यलो.” आणि निघून गेले. उरलेली फवारणी त्या दिवशी झाली नाही.

विज्ञानाचा इतिहास सरांच्या तोंडी आला, की तो वऱ्हाडातच घडल्यासारखा वाटतो. अभिक्रियेचा वेग पदार्थांच्या प्रमाणावर ठरतो, हा नियम १८६४ साली नॉर्वेतल्या गुल्डबर्ग आणि वागे या दोघांनी मांडला. हे दोघं साडू. एकाच मंत्र्याच्या दोन मुली दोघांना दिलेल्या. पुढे वागेनं गुल्डबर्गच्या बहिणीशीही लग्न केलं, म्हणजे साडूचा मेव्हणाही झाला. सर इथे थांबतात आणि वर्गावरून नजर फिरवतात. “आपल्याकडे दोन साडू एकत्र बसले की काय काढतात? सासऱ्याच्या वावराचा सातबारा! त्यायनं नियम काढला.” रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, व्हान्ट हॉफला मिळालं, तेही अभिक्रियांचा वेग आणि द्रावणांचा दाब यांच्यावरच्या कामासाठी. हे सांगताना सरांचा सूर असा असतो, जणू घरातल्याच माणसाला मिळालं. “पह्यलं नोबेल द्रावणाले! आन् तुमी हा धडा ऑप्शनले टाकता?”

वर्षातून एक सहल ठरलेली: लोणार. रिसोडकडून जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातलं हे तळं. बाकीचे मास्तर पोरांना तिथली देवळं दाखवतात. सर पाण्याशी नेतात. आदल्या दिवशी पोरांनी हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवलेल्या असतात. काठावर पट्टी पाण्याला लावली, की पिवळ्याची विटकरी लाल. तळ्याचा पीएच दहाच्या आसपास. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्या ओढाताणीतून तो टिकलेला. लिंबाचा थेंब टाकला की पट्टी परत पिवळी. “दोन बाण!” पोरं सरांच्या आधी ओरडतात. मग सर बर्तोलेची गोष्ट सांगतात. नेपोलियनबरोबर १७९८ साली इजिप्तला गेलेला हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि चुन्याचा क्षार मिसळला, की चुनखडी आणि मीठ तयार होतं. इथे तर उलटं चाललेलं: मीठ आणि चुनखडी मिळून सोडा! मीठ भरमसाट असलं, की अभिक्रिया उलटी फिरते, हे त्याच्या तिथे ध्यानात आलं. “तो इजिप्तले गेला, आपन लोणारले आलो. एसटीच्या भाड्यात!”

जून २०२० मध्ये हे तळं गुलाबी झालं, तेव्हा लॉकडाऊन होता आणि सर घरात अडकलेले. गावभर मोबाइलवर चर्चा: कोणी शाप म्हणे, कोणी हे तळं पाडणारी उल्का परत येणार म्हणे. सरांचा फोन दिवसभर चालू. पाणी आटलं, क्षार वाढले, खारात वाढणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं, हे त्यांनी त्या आठवड्यात गावातल्या जवळपास प्रत्येकाला एकेकदा सांगितलं. मला तीनदा.

घरी मात्र सरांचं फारसं चालत नाही. वहिनी बोलतात कमी, पण बोलल्या की मुद्द्याचं. बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो. सर तो घासू देत नाहीत. “पाणी उकळलं, गॅस उडून गेला, चुनखडी तळाशी बसली. नमुना हाय तो.” वहिनी सर शाळेत गेले की भांड्यात लिंबाचं पाणी उकळतात आणि नमुना सकाळी अकराला नाहीसा होतो. दिवाळीत बुंदीच्या लाडवांचा पाक चालू असताना सर लॅबमधलं थर्मामीटर घेऊन आले. वाशिम समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच, त्यामुळे इथे पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं. साखर घातली की उकळण्याचा बिंदू वर चढतो. किती वर, त्यावर एकतारी की दोनतारी ते ठरतं, असं व्याख्यान सुरू झालं. वहिनींनी पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरला, बोटं विलग केली, एक तार पाहिली आणि गॅस बंद केला. सर अजून पारा स्थिरावायची वाट पाहत होते. “अहो, तुमचा आकडा येईपर्यंत पाक दोनतारी होते,” एवढंच त्या म्हणाल्या. लाडू उत्तम झाले. सरांनी खाताना कबूल केलं, की वहिनींची बोटं हे कॅलिब्रेटेड उपकरण आहे.

सरांचं खरं भांडण ट्रिकशी आहे. आता पोरांना डॉक्टर व्हायचं असतं. नीटचे मार्क ७२०, त्यातले १८० केमिस्ट्रीचे, आणि घड्याळ समोर. पोरं म्हणतात, “सर, एवढं कशाला? ट्रिक सांगा.” लातूरला गेलेला भाऊ फोनवर ट्रिक सांगतो, कोट्याला गेलेली मैत्रीण व्हिडिओ पाठवते. सर ऐकून घेतात. मग तेच उदाहरण उलटं करून फळ्यावर लिहितात आणि ट्रिक लावायला सांगतात. ट्रिक तोंडावर पडते. “ट्रिक एकाच बाजूनं चालते पोट्टेहो. पेपर सेट करनाऱ्याले दोन्ही बाजू ठाऊक असतात.” पोरं वैतागतात, काही लातूरला जातात, काही अकोल्याला. दिवाळीच्या सुट्टीत मात्र संध्याकाळी सरांच्या पत्र्याच्या खोलीबाहेर चपलांची रांग दिसते. बाहेरगावी गेलेली पोरं शंका विचारायला आलेली असतात. सर फी विचारत नाहीत आणि टोमणाही मारत नाहीत, फक्त म्हणतात, “बाण काढून दाखव.”

दुसरं दुःख अकरावीचं. आपल्या बोर्डाच्या अभ्यासक्रमात रासायनिक समतोल अकरावीत, आणि द्रावणं व आयनांचा समतोल बारावीत. दहावीच्या मार्कांवर खूश झालेला बाप पोराला सांगतो, अकरावीत जरा आराम कर. पोरगं खरंच आराम करतं. बारावीच्या जुलैत ते सरांपुढे बसतं, बफर आणि विद्राव्यता गुणाकार फळ्यावर येतो, आणि पोराच्या डोळ्यात पहिल्या पावसातल्या गावाबाहेरच्या रस्त्यासारखं काहीच दिसत नाही. मग सर दीड महिना अकरावीच शिकवतात. वर तक्रार येते, की सरांचा पोर्शन मागे आहे.

फीचा तर विषयच नको. जूनमध्ये पेरणी, तेव्हा फी नाही. ऑक्टोबरात सोयाबीन आलं, भाव पडला, म्हणून नाही. फेब्रुवारीत तूर विकली की देतो. तोवर प्रॅक्टिकल परीक्षा आलेली असते, एक्स्टर्नलला पोहे आणि चहा द्यायचा असतो, आणि तो खर्चही सरांच्याच खिशातून होतो. फी न दिलेल्या पोराला बसू दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही. सरांचा सगळ्यात जुना विद्यार्थी आज कृषी सेवा केंद्र चालवतो. औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण तो शेतकऱ्याला मिलिलिटरमध्ये सांगतो, वर पाणी किती, तेही सांगतो, आणि गरजेपेक्षा जास्त औषध विकत नाही. त्याच्या दुकानाला मोठा नफा नाही. सरांच्या मते तो त्यांचा सर्वात हुशार विद्यार्थी.

माझं मत विचाराल तर असे सर गावाला त्रासच असतात. चहा गोड लागू देत नाहीत, फवारणी वेळेवर होऊ देत नाहीत, सोडा सुखानं पिऊ देत नाहीत. पण कुठल्याही गोष्टीला जरा धक्का दिला की ती कुठल्या बाजूला सरकेल, हे विचारायची सवय त्यांनी या गावाच्या तीन पिढ्यांना लावली, आणि ही सवय कोणत्याही क्लासच्या पॅकेजात मिळत नाही. तेव्हा तुमच्याही गावात असे एक सर असतीलच. पोराला त्यांच्याकडे बारावीत नव्हे, अकरावीच्या पहिल्या दिवसापासून पाठवा. आणि त्यांची फी तूर विकायच्या आधी द्या.